किती वाजले ते लिही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या पोलीस अकादमीतून बाहेर पडून तू पुण्यात, तेही पेठेतल्या ठाण्यात रुजू झालीस, हे तुझ्या बाबांनी सांगितलं. परवा फोनवर तू विचारलंस, "काका, अटक करताना सगळ्यात आधी काय बघायचं?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. आधी घड्याळ बघायचं.

समोरचा माणूस "मी निघतो" म्हणाला आणि तू त्याला निघू दिलं नाहीस, त्या मिनिटाला अटक झाली. ती कागदावर केव्हा दाखवायची हे आपल्या मर्जीवर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे : स्वातंत्र्यावर बंधन आलं की अटक सुरू, अधिकाऱ्याने वेळ कोणती टाकली याच्याशी तिचा संबंध नाही. संविधानाच्या कलम २२ मधले आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक आणि तपासाची रीत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम ५८ मधले २४ तास, प्रवासाचा वेळ वगळून, तिथूनच मोजायचे. पण ठाण्यात तुला रोज एक वाक्य ऐकू येईल : "अटक नाही केली, फक्त चौकशीला आणलंय." ते ऐकलंस की हातातलं काम बाजूला ठेव आणि बघायला जा.

मी स्वतः ते वाक्य वापरलं आहे. पोलिसातल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घरफोडीच्या संशयावरून एका पोराला संध्याकाळी सात वाजता उचलून आणलं. वरिष्ठ म्हणाले, सकाळी बघू. रात्रभर त्याला बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला अटक दाखवली, स्टेशन डायरीतही तीच वेळ. त्याची आई रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून होती. पोरगा आत आहे का, एवढंच ती विचारत होती आणि मी तिला दोनदा घरी जायला सांगितलं. कोर्टात मॅजिस्ट्रेटनी त्याला विचारलं, "तुला केव्हा आणलं?" त्याने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग म्हणाला, "आज दुपारी." चोरी त्याने केलेली नव्हती, हे तीन आठवड्यांनी कळलं. मला कोणी जाब विचारला नाही. त्याचे सतरा तास मी घेतले, आणि ते कुठल्याच कागदावर नाहीत.

पुढे १९९४ मध्ये जोगिंदर कुमार प्रकरणाचा निकाल आला. गाझियाबादच्या पोलिसांनी एका तरुण वकिलाला असंच चौकशीला बोलावून ठेवून घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि ती अटक करणं योग्य ठरणं वेगळं. १९९६ मध्ये डी. के. बसू निकालात अटकेचे अकरा नियम घालून दिले गेले. त्यातले बरेचसे तू संहितेच्या कलम ३६, ४७, ४८ मध्ये पाठ केले असशील : नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं. पंचनाम्यावर सही घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची घे. ठाण्यासमोरचा नेहमीचा पंच धरून आणू नकोस. त्या आईला मी सही करायला आत बोलावलं असतं, तर बारा वाजताची वेळ मला लिहिताच आली नसती.

आता अटक करायचीच का, हा प्रश्न. सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. माणूस पुन्हा गुन्हा करेल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदाराला धमकावेल, कोर्टात हजर राहणार नाही, नाहीतर त्याच्याशिवाय तपास पुढे सरकणार नाही, यातलं काहीतरी तुला खरोखर दिसलं पाहिजे आणि ते लिहिता आलं पाहिजे. नाहीतर संहितेच्या कलम ३५(३)ची, हजर राहायला सांगणारी नोटीस. अटक केली नाहीस तर त्याचीही कारणं लिहायची असतात, हे पुष्कळ जण विसरतात. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने हे बजावून सांगितलं, आणि न पाळणाऱ्याला खातेनिहाय कारवाईबरोबर न्यायालयाच्या अवमानालाही सामोरं जावं लागेल असं म्हटलं. नोटीस हातात दे. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. माणूस तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यातला असेल आणि आजाराने खचलेला किंवा साठीच्या पुढचा असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. पुण्यासारख्या आयुक्तालयात म्हणजे एसीपी साहेबांची.

फिर्यादी टेबलावर हात आपटून म्हणेल, "त्याला आत टाका." त्याचा राग खरा असतो, त्याला पाणी दे, बसव, ऐकून घे. पण त्याचं समाधान हे अटकेचं कारण कलम ३५ मध्ये नाही.

अटकेच्या आधारांचा, म्हणजे अटक कशावरून केली ते सांगणारा, कागद हा आमच्या काळात नव्हता, तो तू नीट शिकून घे. पंकज बन्सल, विहान कुमार आणि नोव्हेंबर २०२५ मधला मिहिर शहा, या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर आधार लेखी द्यायचे आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायचे. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायचे, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. "गुन्ह्यात सहभाग आढळला" हा आधार होत नाही, ते कोणालाही लावता येतं. त्याने काय केलं असं तुला वाटतं आणि ते कशावरून, हे लिही. बांधकामावर ओडिशाचा मजूर सापडला आणि तू त्याच्या हातात मराठी कागद ठेवलास, तर तू त्याला काहीच दिलेलं नाहीस. शिवाजीनगर कोर्टात पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागायला उभी राहशील तेव्हा बचावाचा वकील आधी हाच कागद मागेल. तो त्याचं काम करतोय, त्याच्यावर चिडू नकोस.

रात्रीचं काम तुझ्याकडे जास्त येईल, कारण तू बाई आहेस. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक नाही. अपवादात्मक परिस्थितीत करावी लागली, तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी घ्यायची. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईच्या घरी जायचं, तिला ठाण्यात बोलवायचं नाही. हे कशासाठी, ते डोक्यात ठेव. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणलं होतं आणि तिथेच तिच्यावर पोलिसांनी अत्याचार केला. आरोपी सर्वोच्च न्यायालयात सुटले. तेव्हा १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातल्या एक वसुधा धागमवार, आपल्या पुण्याच्या. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. मी हे निवृत्त झाल्यावर वाचलं, वर्दीत असताना वाचायला हवं होतं.

कोयता घेऊन गाड्या फोडणारी पोरं तुमच्या डीबीच्या, म्हणजे ठाण्यातल्या गुन्हे शोध पथकाच्या, हाती लागतील. लोक म्हणतील, त्याच गल्लीतून धिंड काढा, आणि टाळ्याही वाजवतील. बेड्या केव्हा घालता येतात हे कलम ४३(३) मध्ये आहे. धिंडीसाठी मात्र अख्ख्या संहितेत एक ओळ नाही. आणि त्यातलं एखादं पोर सतरा वर्षांचं निघालं, तर त्याला लॉकअपमध्ये ठेवायचंच नाही, बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. वयाचा दाखला आधी माग.

तू पाठवलेला अटक पंचनाम्याचा नमुना पाहिला. त्यात अटकेच्या वेळेचा एकच रकाना आहे. माझं ऐकशील तर ठाणे अंमलदाराकडून स्टेशन डायरीत आधीच एक नोंद करून घेत जा : ताब्यात कुठून घेतलं, कोणी घेतलं, किती वाजता. रकान्यातली वेळ तीच टाक. गाडी ठाण्याच्या दारात थांबली की लगेच नोंद कर, चहा नंतर घे. आणि बाहेर बाकावर कोणी बसलं असेल, तर त्यांना आत बोलावून ती वेळ वाचून दाखव.

तुझा,
काका