यादीत ६० वेळा एकच नाव

संगणक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आईबरोबर समुपदेशनाला आली. "मॅडम, लूप, फंक्शन सगळं जमायचं. जावात ऑब्जेक्ट आले आणि काही कळेनासं झालं. शाखा बदलू का?" जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना हा प्रश्न अनेक मुलं नेमकी याच टप्प्यावर विचारतात. म्हणून कल चाचणीआधी फसलेला प्रोग्राम बघावा.

तिचा प्रोग्राम वर्गातल्या ६० जणांची यादी छापायचा. ओळी ६० येत, पण प्रत्येक ओळीवर शेवटच्या मुलाचं नाव. तीन रात्री ती लूप, म्हणजे तीच कृती पुन्हापुन्हा करणारा कोडचा भाग, तपासत होती आणि लूपमध्ये काहीच चुकलं नव्हतं.

कोऱ्या कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे व्हेरिएबलची नावं, उजवीकडे ऑब्जेक्टचे चौकोन; ऑब्जेक्ट म्हणजे इथे एका विद्यार्थ्याची माहिती एकत्र ठेवणारी वस्तू. चौकोन काढायचा तो नवा ऑब्जेक्ट बनवणारा 'न्यू' हा शब्द दिसला तरच. नुसतं 'बरोबर'चं चिन्ह असेल तर बाण काढायचा. कोड ओळीओळीने वाचत चित्र तिनेच काढलं. 'न्यू' लूपच्या वर होतं, म्हणजे चौकोन एकच. लूप दर फेरीला त्यातलं नाव खोडून नवं लिहीत होता आणि ॲरेलिस्टमध्ये, म्हणजे जावातल्या यादीत, त्याच चौकोनाकडे जाणारा आणखी एक बाण पडत होता. तिसऱ्या बाणाला पेन्सिल थांबली. "म्हणजे यादीत मुलं नाहीतच, नुसते पत्ते आहेत?" 'न्यू'ची ओळ लूपच्या आत घेतली आणि ६० नावं आली.

आईला काळजी होती ती बुद्धीची. पण पहिलं वर्षभर मुलं इंट, म्हणजे साधी पूर्णांक व्हेरिएबल, वापरतात. तिथे किंमत व्हेरिएबलमध्येच असते, एक बदलली तरी दुसरी तशीच राहते. ती सवय पक्की असलेलं मूल ऑब्जेक्टपाशी हमखास अडखळतं.

'जावात ऑब्जेक्ट पास बाय रेफरन्स जातो', म्हणजे मूळ व्हेरिएबलच मेथडच्या हाती जातं, हे तिच्या वहीतलं वाक्य मात्र खोडायला लावलं, कारण ते पुढे फार छळतं. मेथडला (जावातल्या फंक्शनला) बाणाची फक्त प्रत मिळते. त्या बाणाने चौकोनात जाऊन गुण बदलले तर बाहेर दिसतात. बाणच नव्या चौकोनाकडे वळवला तर बाहेर काही बदलत नाही.

तुलनेतही हाच घोटाळा होतो. इंटिजर हे इंटचं ऑब्जेक्ट रूप. दोन इंटिजर व्हेरिएबलमध्ये थेट १२७ ठेवून दुहेरी बरोबरने (==) तपासले तर सारखे ठरतात, १२८ ठेवले की सहसा वेगळे! उणे १२८ ते १२७ साठी जावा तयार चौकोनच पुन्हा देते. दुहेरी बरोबर बाण एकाच जागी जातात का ते बघतं. आतली किंमत तपासायला 'इक्वल्स'.

शाखेचा निर्णय पंधरा दिवस पुढे ढकलला. तोवर प्रत्येक प्रोग्राम चालवण्याआधी त्याचं चित्र काढायचं. पंधरा दिवसांनी ती नवी अडचण घेऊन आली: यादीची प्रत केली, प्रतीत एकाचे गुण बदलले, तर मूळ यादीतही बदलले. कारण तिनेच कागदावर मांडलं होतं. याद्या दोन, बाण १२०, विद्यार्थ्यांचे चौकोन ६०च.