घसरगुंडीचा बंक बेड, भिशी आणि सुताराची दोन कॉट

प्रश्न: आम्ही बेळगावात अनगोळला भाड्याने राहतो. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. दोघांचे मिळून महिन्याला 58,000 येतात, भाडं 9,500. मुलगा 7 वर्षांचा, मुलगी 4 वर्षांची. मुलांसाठी 10 बाय 11 ची खोली मोकळी केली आहे. शोरूममध्ये घसरगुंडीचा बंक बेड, कार्टूनचं कपाट आणि अभ्यासाचं टेबल असा सेट 1,85,000 ला आहे. 20 जणांची 5,000 ची बोलीची भिशी आहे, जुलैचा सहावा नंबर 85,000 ला उचलता येईल. उरलेले 1,00,000 क्रेडिट कार्डावर 18 महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर. गल्लीतला सुतार साध्या डिझाइनमध्ये सगळं 62,000 ला करून देतो म्हणतो: दोन कॉट 34,000, कपाट 15,000, टेबल-खुर्ची 9,500, खेळण्यांचा रॅक 3,500. क्रेडिट सोसायटीत 1,20,000 ची ठेव आहे, ती मोडायची नाही. काय करावं?

उत्तर: ताई, ठेव मोडायची नाही हे तुमचं बरोबर आहे. शोरूमचा सेट मात्र घेऊ नका, आणि सुताराचं कामही एकदम सगळं करून घेऊ नका.

आधी भिशी. आतापर्यंत तुमचे सहा हप्ते गेले, म्हणजे फार तर 30,000. हातात येणाऱ्या 85,000 मधले निदान 55,000 उसने आहेत आणि त्यासाठी तुम्ही 15,000 सोडताय. सोडलेली रक्कम वीसही जणांत वाटली जाते, त्यातले 750 तुम्हालाच परत येतील, पुढच्या बोलींतूनही थोडं येईल, तरी सौदा महागच. शिवाय आज महिन्याला भिशीत जाणारे 5,000 ही तुमची बचत आहे. नंबर उचलला की तेच पैसे पुढचे 14 महिने कर्जफेड होतात.

नो कॉस्ट ईएमआयमध्ये कॉस्ट असते, फक्त ती बिलाच्या दुसऱ्या ओळीत असते. 1,00,000 चे 18 हप्ते म्हणजे महिना 5,556. बँकेचा दर 15 टक्के धरला तर या हप्त्यांची आजची किंमत, म्हणजे खरं कर्ज, सुमारे 89,000 होते. मधले 11,000 व्याज दुकानदार सूट म्हणून दाखवतो, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, जवळपास 1,970, तुमच्याच कार्डावर पडतो. प्रोसेसिंग फी वेगळी. म्हणजे 1,85,000 चा सेट दोन लाखांच्या वर जातो, आणि पुढच्या जूनमध्ये फी-वह्या-गणवेशाच्या वेळी दोन्हीकडचे मिळून 10,556 जात असतील. एक गंमत करून बघा: दुकानदाराला विचारा, रोख दिले तर किती? तिथे 8-10 हजार खाली आले, तर ती सूट कुठून येत होती ते कळेल.

आता वस्तूकडे. बंक बेडच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालच्या मुलाला झोपवू नये, म्हणजे मुलीसाठी तो दोन वर्षं बंदच. वरचा कठडा गादीच्या वर किमान 5 इंच हवा आणि पट्ट्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा जास्त नको. शोरूममधल्या बेडला गादी घालून हे मोजा, कारण जाड गादी कठडा खाऊन टाकते. आपल्याकडे याहून मोठा धोका छताच्या पंख्याचा. वर उभं राहून हात उंचावलेलं मूल पात्यांपर्यंत पोचतं. 10 बाय 11 च्या खोलीत पंखा मधोमध असतो आणि बेड कुठेही लावला तरी फार लांब जात नाही. घसरगुंडी तर पाच-सहा फूट जमीन अडवते, म्हणजे मुलांना खेळायला लागते तीच जागा. आणि घसरगुंडी कायम घसरगुंडीच राहते. ती कंटाळवाणी झाली की त्यावर कपडे वाळतात.

भाड्याच्या घरात आणखी एक गोष्ट बघावी लागते. तयार सेट बहुतेक पार्टिकल बोर्डाचे असतात. घर बदलताना एकदा खोलून परत जोडले की स्क्रूची भोकं मोठी होतात आणि पकड जाते. आपल्या पावसाळ्यात दमट भिंतीला टेकलेल्या किंवा फरशी पुसताना भिजणाऱ्या कडा फुगतात. एकदा फुगलेला बोर्ड परत बसत नाही.

सुताराला सांगायचं ते असं. 18 मिमी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही तग धरणारा) प्लाय, शीटवर आयएस 303 चा शिक्का बघून. आयएस 710 चा मरीन प्लाय या खोलीत लागत नाही, तो खर्च वाचवा. चारही कडांना पट्टी, खालच्या कडेलासुद्धा. सुतार नेमकी तीच सोडतात. पायांना रबरी बूट. जोड खिळ्यांचे नकोत, नट-बोल्टचे हवेत, म्हणजे घर बदलताना कॉट खोलून टेम्पोत टाकता येते. कॉटचं माप 72 बाय 36 इंचाच्या गादीचं, मोठ्या माणसाला चालेल असं. मुलगा सतराव्या वर्षीही त्यावरच झोपेल. गाडीच्या आकाराचा पलंग दहाव्या वर्षी त्यालाच लाजिरवाणा वाटेल.

टेबलाचं उलट आहे, ते मुलाबरोबर वाढायला हवं. साधारण 120 सेंमी उंचीच्या मुलाला बैठक 31 ते 35 सेंमी आणि टेबल 53 ते 59 सेंमी लागतं. मोठ्यांचं टेबल 76 पर्यंत जातं. म्हणून पायांना 53, 59, 64 आणि 71 सेंमीवर भोकं पाडून घ्या. आत्ता घाई नाही. घरातल्या चौरंगावर दोघांचं वर्षभर भागेल.

खेळण्यांचा रॅक मात्र पहिल्या फेरीत घ्या. उंची दोन फूट, दारं नकोत, एल-पट्टीने भिंतीला आवळलेला, कारण मुलं रॅकवर चढतातच. झाकणाची पेटी नको, बोटं सापडतात. एक तृतीयांश खेळणीच बाहेर ठेवा आणि दर पंधरवड्याला बदला. सुताराला 12 मिमी प्लायची 15 बाय 12 बाय 12 इंचांची तीन उघडी खोकी करायला सांगा, हात घालायला भोक ठेवून आणि कडा घासून. 8 बाय 4 फुटांच्या शीटमध्ये तिन्ही बसतात आणि जवळपास निम्मी शीट उरते. आज बस, उद्या दुकान, परवा भातुकलीचा ओटा. तुमच्याकडे चिंध्या, रिकामी रिळं, जुनी लुगडी आहेतच. दोरी आणि चिमटे दिले की तंबू उभा राहतो. सुया-टाचण्यांचा डबा तेवढा कुलपात ठेवा. भातुकली घ्यायचीच तर सावंतवाडीची लाकडी घ्या, आंबोलीचा घाट उतरला की झालं. उरलेल्या प्लायला कड लावून परात केली की दिवाळीचा किल्ला घरमालकाच्या अंगणात चिखल न करता होईल.

पैसे असे जमवा. शोरूमला दिला असता तो 5,556 चा हप्ता ऑगस्टपासून स्वतःच्या आवर्ती ठेवीत भरा. फेब्रुवारीपर्यंत सात हप्त्यांचे 38,892 होतात, व्याज वेगळं. दोन कॉट आणि रॅक 37,500. मार्चमध्ये काम काढणं बरंच: पावसात ओल्या लाकडात जोडलेली फ्रेम उन्हाळ्यात आक्रसते आणि सांधे सुटतात. उरतात जेमतेम 1,400. खोक्यांचा प्लाय सुताराच्या आकड्यात नाही, म्हणून तो त्या पैशांतून आणि व्याजातून बसवा. गाद्या आत्ता आहेत त्याच चालवा. सुताराचा आकडा मार्चपर्यंत टिकेल का, हार्डवेअर आणि मजुरी त्यात धरली आहे का, हे कागदावर घ्या.

भिशी शेवटच्या नंबरापर्यंतही ताणू नका. गल्लीतली भिशी 1982 च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेली नसते, कुणी मध्येच हात वर केले तर झळ शेवटच्यांना लागते. पंधराव्या-सोळाव्या नंबराला बोलीत फार सोडावं लागत नसेल तेव्हा उचला. त्यातून कपाट आणि टेबल करा, म्हणजे 24,500. उरलेले राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा. सोसायटीच्या ठेवीला बँकेसारखं 5 लाखांपर्यंतचं डीआयसीजीसी या ठेव-विमा महामंडळाचं संरक्षण नसतं, आणि तुमची सगळी गंगाजळी तिथेच आहे.

मिस्टरांच्या टर्म विम्याचा उल्लेख पत्रात नाही. नसेल तर तो कॉटच्याही आधी. पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआयचं, म्हणजे पीएफला जोडलेल्या विम्याचं, संरक्षण असतं, पण ते जास्तीत जास्त 7 लाख. दोन लहान मुलांच्या घराला ते पुरत नाही. कार्डाचे हप्ते डोक्यावर नसले की मुलीच्या नावाने सुकन्या खातंही उघडता येईल. सध्याचा 8.2 टक्के दर टिकला तर महिना 2,000 प्रमाणे 15 वर्षं भरून, खातं उघडल्यापासून 21 वर्षांनी सुमारे 11 लाख होतात. हा व्याजदर तिमाहीला बदलू शकतो.

सुताराला प्लाय-सनमायका तुम्ही स्वतः दुकानातून बिलावर आणून द्या, मजुरी टप्प्याने द्या, आणि शेवटचा दहावा हिस्सा दोन्ही मुलं कॉटवर आठवडाभर उड्या मारून झाल्यावरच.