नवे इंटरनेट रेडिओ केंद्र: आधी बँडविड्थचा हिशेब

मायक्रोफोनची निवड थोडी लांबली तरी चालेल. आधी बँडविड्थचा, म्हणजे जोडणीतून सेकंदाला किती डेटा पाठवता येतो याचा, हिशेब करावा, असे मी सुचवेन. लहरींवरच्या प्रक्षेपणात श्रोते दहा असोत वा दहा हजार, ट्रान्समीटरवरचा भार तेवढाच राहतो. इंटरनेट रेडिओत मात्र सर्व्हरला सहसा प्रत्येक श्रोत्याकडे स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने एका श्रोत्याला तासाभरात सुमारे ५८ मेगाबाइट लागतात, आणि असे शंभर श्रोते एकाच वेळी जोडले गेले, की सर्व्हरला सेकंदाला १२.८ मेगाबिट बाहेर पाठवावे लागतात. म्हणून आपल्या संगणकावरून एकच प्रवाह पाठवावा आणि वाटपाचे काम भाड्याच्या सर्व्हरवरील आइसकास्टसारख्या प्रणालीवर सोपवावे.

ध्वनीचे स्वरूप (फॉरमॅट) निवडताना सुरुवात एमपी३ ने करावी, कारण ते जवळजवळ प्रत्येक उपकरणावर वाजते. २०१२ मध्ये प्रमाणित झालेले ओपस कमी दरातही, विशेषतः बोलण्यासाठी, अधिक स्पष्ट ऐकू येते; परंतु जुन्या रेडिओसंचांना ते ओळखता येत नाही, त्यामुळे ते एमपी३ च्या जोडीला दुसरा प्रवाह म्हणूनच द्यावे.

श्रोत्याचा प्लेअर काही सेकंदांचा आवाज आधी साठवून मगच वाजवू लागतो, त्यामुळे जोडणी क्षणभर अडखळली तरी कार्यक्रम तुटत नाही. याच कारणाने आवाज श्रोत्याला काही सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणून ‘आता बरोबर आठ वाजले आहेत’ असे सांगण्याचा मोह मात्र टाळावा. (निवेदकांना हे पटवणे सर्वांत अवघड!)

गाणी वाजवणार असाल, तर प्रसारणाचा परवाना पहिल्या दिवसाआधीच घ्यावा. गाणे विकत घेतल्याने तो हक्क मिळत नाही.