ओसीआय कार्डावर हिवाळ्यात किब्बर: आधी परवान्याचं बघा

ताई, हिमबिबट्या बघायला जानेवारीत हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या किब्बर गावी जायचं म्हणून तुम्ही इथे विचारलंत. थंडीचे कपडे, बूट, उंचीवरच्या गोळ्या यांवर मी काही लिहीत नाही. ते बाकीच्यांनी सांगितलंच आहे. मी लिहितेय ते तुमच्या पोस्टमधल्या अगदी शेवटच्या वाक्यासाठी: "मिस्टरांचा पासपोर्ट पोर्तुगीज आहे, पण ओसीआय कार्ड असल्याने परवाना लागत नाही असं कळलं."

(ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड.) हे तुम्हाला कोणी सांगितलं? आम्हालाही अगदी याच शब्दांत सांगितलं होतं.

आमच्याकडे भावाचा पासपोर्ट पोर्तुगीज, वहिनीचा आणि माझा भारतीय. डिचोली-म्हापशाकडे अशी घरं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज गोव्यातला, लिस्बनला नोंद झाली, मुलगा यूकेला गेला, बाकी सगळे इथेच. निघण्याआधी पणजीतल्या एका कार्यालयात (नाव घेत नाही, तिथे अजून कामं पडतात) जाऊन विचारलं. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता उत्तर दिलं, "ओसीआय म्हणजे इंडियनच. कार्ड न्या, पुरे." लेखी काही देता का विचारलं तर म्हणे त्याची गरज नाही. तेवढ्यावर भावाने पासपोर्ट हरवायला नको म्हणून घरच्या कपाटात ठेवला.

स्पितीच्या वाटेवर किन्नौर जिल्ह्याचं मुख्य गाव रेकाँग पिओ (सगळे नुसतं पिओ म्हणतात) सोडून पू गावाच्या दिशेने गेलं की चेकपोस्ट लागतो. तिथे आम्हाला थांबवलं. पोलीस अतिशय सभ्य होता, चहासुद्धा विचारला, पण भावाला पुढे सोडेना. पिओला परत आलो तर शुक्रवारची संध्याकाळ, कार्यालयाला कुलूप, पुढे शनिवार-रविवार. सोमवारी गेलो तर मूळ पासपोर्ट मागितला, तो डिचोलीला! कुरिअर पिओला किती दिवसांत पोहोचतं ते विचारूच नका, त्यात वर बर्फ. शेवटी भाऊ पिओजवळच्या कल्प्याला हॉटेलात राहिला आणि वहिनी आणि मी पुढे गेलो. किब्बरचं मुक्कामाचं घर आणि वाटाड्या दोन्हीचे पैसे भरलेले होते. कल्प्याहून किन्नर कैलास छान दिसतो म्हणतात. भावाला त्याबद्दल अजून कोणी विचारू नये.

आता गोंधळ कशामुळे होतो ते सांगते. मी वकील नाही आणि नियम बदलतात, तेव्हा स्वतः खात्री करा. गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत ओसीआयवाल्यांना राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, स्मारकं यांचं तिकीट भारतीयांच्या दराने दिलंय. देशातलं विमानभाडंही तसंच. लोक इथवर वाचतात आणि "इंडियनच" म्हणून मोकळे होतात. पण संरक्षित किंवा प्रतिबंधित भागात जायला ओसीआयवाल्याला खास परवानगी लागते, हेही त्याच अधिसूचनेत आहे. किन्नौरमधला जंगी ते सुमदो हा रस्त्याचा पट्टा तसा भाग आहे.

दुसरं कारण उन्हाळ्यातले प्रवासी. ते म्हणतात, आमच्याबरोबर परदेशी मित्र होता, कोणी विचारलं नाही. बरोबरच आहे, ते मनालीहून कुंझुम घाटाने काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाला गेले आणि त्याच वाटेने परतले. त्या वाटेवर हा पट्टा येतच नाही. हिवाळ्यात मात्र कुंझुम बर्फाने बंद असतो. २०२० मध्ये अटल बोगदा झाला म्हणून आता मनालीहून बारा महिने स्पितीला जाता येतं, हाही गैरसमज आहे. बोगदा रोहतांगखालून लाहौलला नेतो, कुंझुम त्याच्या पुढे आहे. म्हणजे जानेवारीत शिमला, पिओ, नाको, ताबो, काझा ही एकच वाट, आणि तिच्यावर परवाना.

"आधार दाखवा आणि गप्प बसा" असा सल्ला इथे कोणीतरी दिलाय. कृपा करून ऐकू नका. परदेशी नागरिकाने सीमाभागात भारतीय असल्याचं भासवणं हा गंभीर प्रकार आहे, ओसीआय कार्डच धोक्यात येईल. तीन दिवसांच्या सुट्टीसाठी कोण हा जुगार खेळेल?

परवाना शिमल्यात मिळतो आणि पिओतही. मूळ पासपोर्ट, मूळ ओसीआय कार्ड, दोन्हींच्या भरपूर झेरॉक्स, फोटो, किब्बरच्या घराचा पत्ता एवढं जवळ ठेवा. शक्यतो शिमल्यातच काम उरका, वर जाऊन अडकण्यापेक्षा ते बरं.

हिमबिबट्याचं विचारलंत. दिसेल याची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. थंडीत भरल आणि आयबेक्स ही रानमेंढ्या-बकऱ्यांसारखी जनावरं खाली उतरतात, त्यांच्यामागे तोही येतो, म्हणून जानेवारी ते मार्च बरा, इतकंच. गावातलाच वाटाड्या घ्या. किब्बरच्या लोकांनी कुरणाचा काही भाग चराईला बंद ठेवला, बिबट्याने मारलेल्या पाळीव जनावरांसाठी विमा चालवला, म्हणून तर तिथे तो प्राणी टिकलाय. वाटाड्याच्या पैशावर पहिला हक्क त्यांचा. आम्हाला तो समोरच्या कड्यावर दुर्बिणीतून दिसला, झोपलेला. वहिनी म्हणाली, एवढ्यासाठी?

मला स्वतःला गाव जास्त आवडलं. दुपारनंतर वारा असा सुटतो की सपाट छपरावर उभं राहवत नाही. मग सगळं घर तंदूरच्या, म्हणजे लोखंडी शेगडीच्या खोलीत. म्हातारी लोकर कातते, कोणीतरी मिठाचा लोण्याचा चहा ओततं. नळ गोठलेले, संडास कोरडा, वरून माती टाकायची. पाणी मोजून वापरा. डिसेंबरात कळंगुटला येणाऱ्या पर्यटकांबद्दल आपण काय काय बोलतो ते तिथे बादलीभर गरम पाणी मागताना आठवावं. जवळच्या पिन खोऱ्यातले बुचेन, म्हणजे धार्मिक खेळ करणारे लामा, हिवाळ्यात पोटावर ठेवलेला दगड फोडण्याचा विधी करतात. जवळपास असेल तर चुकवू नका, पण विचारून फोटो काढा.

किब्बर साधारण ४,२०० मीटरवर आहे, काझाला मुक्काम न करता थेट चढू नका. कल्पा, ताबो (९९६ सालचा मठ आहे, एक दिवस द्याच), काझा असं झोपत झोपत जा. फेणी घरीच ठेवा, उंचीवर पहिल्या रात्री दारू म्हणजे डोकेदुखीला आमंत्रण.

तुमच्या तारखा: २४ जानेवारीच्या संध्याकाळी पिओ लिहिलंय. २५ ला हिमाचलचा पूर्ण राज्यत्व दिन, सुट्टी. २६ ला प्रजासत्ताक दिन, सुट्टी. शिमल्यात परवाना झाला नाही तर २७ पर्यंत कोणी दार उघडणार नाही, आणि त्यात शनिवार-रविवार लागला तर आणखी पुढे. तिकिटं अजून काढली नसतील तर चार दिवस अलीकडे सरका.