कोष, पेशी आणि जिवंतपणाचे मोजमाप

बडोद्याच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, प्रबंधाच्या मराठी सारांशात ‘सेल व्हायबिलिटी’ आणि ‘प्रोलिफरेशन’ यांसाठी तिने लिहिलेले ‘कोषांची जीवनक्षमता व प्रसार’ हे शब्द योग्य आहेत का.

घरी मराठी आणि शाळेत गुजराती शिकलेल्या आपल्या मुलांना पहिल्याच शब्दाला ठेच लागते. गुजरातीत ‘सेल’ म्हणजे ‘कोष’ आणि ‘पेशी’ म्हणजे आपण जिला ऊती म्हणतो ती; मराठीत मात्र ‘सेल’ म्हणजेच पेशी. हिंदीतली ‘मांसपेशी’ तर स्नायू! तेव्हा मराठी सारांशात ‘पेशी’च लिहावे.

‘प्रसार’ मात्र सोडून द्यावा, कारण कर्करोगाच्या संदर्भात त्याने रोग शरीरात इतरत्र पसरल्याचा अर्थ निघेल. नुसते ‘वाढ’ म्हटल्यास पेशी आकाराने वाढली की संख्येने, हे कळत नाही. येथे विभाजनाने संख्या वाढणे अभिप्रेत आहे, म्हणून ‘पेशींची संख्यावाढ’ हा साधा शब्द मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

‘जीवनक्षमता’ या शब्दाबाबत अधिक विचार हवा. ट्रिपॅन ब्लू हा रंग जिवंत पेशीचे अखंड पटल आत येऊ देत नाही आणि मृत पेशी निळी होते. म्हणजे ही चाचणी त्या क्षणाची स्थिती सांगते, पुढे जगण्याची क्षमता नव्हे. त्या निष्कर्षाला ‘जिवंत पेशींचे प्रमाण’ म्हणावे. एकेका पेशीपासून पेशींचा समूह म्हणजे वसाहत तयार होते का, हे पाहणाऱ्या चाचणीत ‘क्षमता’ शब्द खरोखर शोभतो.

तिने वापरलेली एमटीटी चाचणी, जी मॉसमन यांनी 1983 मध्ये मांडली, या दोन्हींहून वेगळी आहे. तिच्यात पेशींतील विकरे (एन्झाइम) पिवळ्या टेट्राझोलियम क्षाराचे जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये क्षपण (रिडक्शन) करतात आणि त्या रंगाची तीव्रता मोजली जाते. रंग गडद झाला तर पेशी वाढल्या असतील, किंवा तेवढ्याच पेशी अधिक सक्रिय झाल्या असतील. उलट ब्रोमोडीऑक्सियुरिडिन हे रसायन नव्याने घडणाऱ्या डीएनएमध्ये थायमिडिन या घटकाच्या जागी बसते, म्हणून त्याच्या आधारे विभाजनाविषयी बोलता येते.

तिच्या सारांशात केवळ एमटीटीचे आकडे असल्याने मी ‘पेशींची चयापचय-सक्रियता’ असे लिहीन, आणि ती जिवंत पेशींच्या संख्येची अप्रत्यक्ष खूण मानली आहे, हे त्याच वाक्यात नोंदवीन.