धनलक्ष्मीच्या ‘ध’ची फट

प्रश्न : यंदा बोटीला नवा रंग द्यायचाय. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, ‘धनलक्ष्मी’ हे नाव. धाकटा मुलगा मोबाइलवर एक जाड, चौकोनी, रॉकेटवर शोभेल असा फॉन्ट दाखवून हटून बसलाय. माझ्या थोरल्या भावाला त्यातलं अक्षर वाचताच येत नाही. काय करावं?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : पोराला हसू नका, त्याची नजर चांगली आहे. फक्त ही फॅशन नवी नाही, हे त्याला सांगा. इटलीत तुरीनच्या नेबिओलो या छपाईचे खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीने 1952 मध्ये ‘मायक्रोग्रामा’ काढला, जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखी चौकोनी वळणं असलेला. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. 1962 मध्ये तिथल्याच आल्दो नोव्हारेसे या अक्षरकाराने स्मॉल अक्षरांसकट ‘युरोस्टाइल’ केला. दोन-तीन शब्द, मोठे, लांबून दिसायचे, एवढंच या घराण्याचं काम. लग्नपत्रिकेचा मजकूर त्यात कोणी लावू नये.

इंग्रजी एच, ई, एन मुळातच सरळ रेघांचे, चौकटीत आपसूक बसतात. आपला ‘ध’ नाही बसत. त्याच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते आणि तिथे एक गाठ असते. गाठीचा कोन करून वरून सलग पट्टी ओढलीत, की झाला ‘घ’. तुमची धनलक्ष्मी घनलक्ष्मी होणार! ‘भ’ आणि ‘म’चंही तेच. पाट्या रंगवायला लागलो त्या काळात एका कबड्डी संघाचा ‘भैरवनाथ’ मी असाच तासून काढला होता, मास्किंग टेप लावून, अगदी कडक. मैदानात पोरं ‘मैरवनाथ, मैरवनाथ’ ओरडत होती. पैसे मागायला गेलोच नाही.

असल्या बहुतेक फॉन्टांत देवनागरी नसतेच. मराठी टाइप केलं की फोन गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो. मुलाला ‘टेको’ किंवा ‘राजधानी’ बघायला सांगा. दोन्ही फुकट, दोन्हींत देवनागरी आहे आणि बांधणी चौकोनी. त्यातलं जाड वजन, म्हणजे ‘बोल्ड’, घ्या, पण ‘क्ष्मी’तली पोकळी हाताने थोडी मोठी करा, नाहीतर रंग भरला की तिथे नुसता गोळा दिसेल.

नाळेला बाक असतो. गोल अक्षर तो पोटात घालतं, सरळ रेघ चहाडी करते. म्हणून आधी कागदावर खऱ्या मापात काढून चिकटवा आणि भावाला जेटीच्या टोकाला उभं करून वाचायला लावा. त्याने न अडखळता ‘धन’ म्हटलं, तरच डबा उघडा.

नोंदणी क्रमांक मात्र या फॉन्टात नकोच. 8 आणि बी, 5 आणि एस, शून्य आणि डी, सगळे सख्खे भाऊ दिसतात. तो साध्या अक्षरात, पांढऱ्यावर काळा. पोराने तोंड वाकडं केलं तर केबिनवर ‘धनलक्ष्मी’ आणखी एकदा त्याच्या मनासारखी काढू द्या. फट सोडून.