तळ्यातले पिवळे बेडूक

प्रश्न : जळगावजवळ आमच्या केळीच्या मळ्यात छोटं तळं आहे, जूनच्या पावसात पिवळेजर्द बेडूक जमतात, पण मोबाईल काढला की डुबुक! काय करू?

उत्तर : अहो, ते बुलफ्रॉगचे नर, एरवी हिरवट-तपकिरी असतात, विणीपुरतेच पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात, फोटो तोच घ्यायचा. उभ्याने जाऊ नका, हालचाल त्यांना लगेच कळते, काठावर गोणपाट टाकून (आधी साप बघा बरं का) सरळ पोटावर पडा आणि १५-२० मिनिटं गप्प राहा, बहुतेक वेळा येतात परत वर. स्क्रीनवर डोळ्याला टच करून फोकस करा, बर्स्ट (एका दमात अनेक फोटो) लावा. हातात धरून पोझ मात्र नको, ते कातडीतूनही श्वास घेतात.